भाऊजी आणि शनिवारची राख

माझ्या बहिणीच्या नवऱ्याइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या मिशिगन राज्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर भाऊजींना भेटल्यावर तो निर्धास्त होऊन घरी जाईल. आपल्या वाटणीची काळजी कुणीतरी आधीच, आणि आपल्यापेक्षा नीट, करून ठेवली आहे हे त्याच्या लक्षात येईल. भाऊजी नोव्हायला मोटारींच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. दाराची कडी, सीटचा पट्टा, काच वर-खाली करायचं बटण असल्या वस्तू किती प्रकारांनी बिघडू शकतील याचा त्या बिघडायच्या आधी विचार करणं हे त्यांचं काम. इतरांची झोप ज्या विचारांनी उडते, त्या विचारांचा भाऊजींना पगार मिळतो. संध्याकाळी ते घरी येतात तेव्हा काम ऑफिसात ठेवून येत नाहीत एवढाच काय तो प्रश्न आहे.

हॉटेलात उतरलं की भाऊजी सामान खोलीत ठेवायच्या आधी जिना कुठे आहे ते बघून येतात, आणि परत येताना डोळे मिटून, भिंतीला हात लावत येतात. धूर झाला तर डोळ्यांचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. एकदा असे चाचपडत येताना ते दुसऱ्याच कुणाच्या तरी दारापाशी पोचले आणि आतल्या बाईंनी मॅनेजरला फोन केला. वाढदिवसाला मेणबत्त्या पेटवल्या की त्यांना गाणं लांबलेलं खपत नाही. ते ‘हॅपी बर्थडे’ इतक्या घाईनं म्हणतात की बाकीचे अजून नावापर्यंत आलेले नसतात आणि भाऊजी टाळ्या वाजवून मोकळे. मंडळाच्या गणपतीत ते आरतीला सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभे राहतात, हातात पाण्यानं भरलेला पेला घेऊन. एका वर्षी निरांजनाजवळ उभ्या असलेल्या एका काकूंचा पदर जरा जास्तच पुढे आला, आणि भाऊजींनी गर्दीतून वाट काढत जाऊन त्यावर पाणी शिंपडलं. काकूंनी वळून बघितलं, त्यांना वाटलं तीर्थ आलं, आणि त्यांनी भक्तिभावानं हात पुढे केला. भाऊजींनी उरलेलं पाणी त्यांच्या तळहातावर घातलं. काय करणार?

अशा माणसाच्या घरात विस्तव असावा हा दैवाचा विनोद म्हणायला हवा. ताईला गावाबाहेरचं ते जुनं घर बघताक्षणी आवडलं होतं. मागे झाडं, पुढे उतरतं अंगण, आणि हॉलच्या कोपऱ्यात आधीच्या मालकानं बसवलेला पेलेट स्टोव्ह. स्टोव्ह म्हणजे स्वयंपाकाचा नव्हे, घर गरम ठेवायचा. काळ्या बिडाची कपाटाएवढी पेटी, पुढे काचेचं दार, आत मुठीएवढी लोखंडी वाटी. वरच्या खणात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या ओतायच्या. त्या एकेक करून वाटीत पडतात, जळतात, आणि पंखा गरम हवा घरभर सोडतो. ताई काचेपुढे पाय पसरून बसायची आणि म्हणायची, “किती छान दिसतं ना.” भाऊजी सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, उठायच्या बेतात असल्यासारखे, आणि म्हणायचे, “हो, पण राख.”

आग त्यांना एक वेळ चालायची. ती दिसते, तापते, आवाज करते, आपण काय आहोत हे लपवत नाही. त्यांची खरी भीती राखेची होती. “राख गार दिसते,” ते मला सांगायचे, “दिसते. वरून हात लावला तर लागतेही गार. आणि आत एक निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो. राख म्हणजे त्याची दुलई आहे.” हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की आपणही नकळत मागे वळून स्टोव्हकडे बघायचो.

म्हणून शनिवार. शुक्रवारी झोपायच्या आधी स्टोव्ह बंद व्हायचा, कारण तो पूर्ण निवल्याशिवाय भाऊजी त्याला हात लावत नसत. घरात दुसरं हीटिंग होतं, पण म्हातारं. त्यामुळे शनिवारी सकाळी त्या घरात चहासुद्धा जॅकेट घालून प्यावा लागे. मग भाऊजी अवतरत. अंगात जुना रेनकोट, तोंडाला मास्क, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, हातात कोपरापर्यंतचे चामडी मोजे. आधी प्लग काढायचा, आणि काढला आहे हे ताईनं मोठ्यानं म्हणायचं. मग काचेचं दार उघडून वाटी खरवडायची, तिच्या तळाची भोकं एकेक करून मोकळी करायची. भोकं बुजली की हवा मिळत नाही, हवा मिळाली नाही की जळण नीट जळत नाही, आणि मग काय होतं ते ते सांगत नसत, फक्त मान हलवत. आतल्या भिंती ब्रशनं झाडायच्या. खालचा राखेचा कप्पा पत्र्याच्या बादलीत रिकामा करायचा आणि बादलीला घट्ट झाकण. मागे राहिलेली धूळ राखेसाठीच केलेल्या पत्र्याच्या व्हॅक्यूमनं ओढायची. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम त्या वेळी वरच्या मजल्यावर कपाटात बंद असे, कारण ताईनं चुकून तो वापरला आणि त्याच्या पिशवीत ठिणगी गेली तर काय, ही काळजी. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून ओढून बघायची, सील सैल झालंय का ते कळायला. बाहेर जाऊन धुराच्या नळीपुढचं बर्फ काढायचं. आणि शेवटी घरातले सगळे अलार्म एकामागून एक वाजवून बघायचे. त्या आवाजाला आजूबाजूच्या कुत्र्यांनी मनापासून साथ दिली की शनिवार पार पडला.

त्यातला सगळ्यात पाहण्याजोगा भाग म्हणजे बादलीची मिरवणूक. घराला लागून लाकडी डेक होता, पण लाकडावर बादली ठेवायची नाही. गराज घराला चिकटलेलं, तिथेही नाही. अंगणाच्या टोकाला सिमेंटचा एक चौथरा होता, तिथे ती दिवसचे दिवस ठेवायची आणि मगच राख टाकायची. भाऊजी दोन्ही हातांनी बादली छातीपाशी धरून, बर्फातून एकेक पाऊल टाकत, खाली मान घालून जायचे. पलीकडच्या घरात एक एकटे अमेरिकन आजोबा राहतात. त्यांनी दोन-तीन शनिवार हे खिडकीतून बघितलं, आणि मग एकदा कुंपणापाशी येऊन टोपी काढून हळूच म्हणाले, “सॉरी फॉर युअर लॉस.” भाऊजींना वाटलं, स्टोव्ह बंद असतो त्यामुळे उष्णता वाया जाते, त्याबद्दल बोलतायत. ते म्हणाले, “इट्स ओके. एव्हरी सॅटर्डे.” आजोबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. दुपारी त्यांनी केळ्याचा ब्रेड आणून दिला आणि ताईचा हात हातात घेऊन थोपटला. बादलीत कुणाच्या तरी अस्थी आहेत हा त्यांचा गैरसमज पुढे ताईनं दूर केला, पण ब्रेड खाऊन झाल्यावर.

मागच्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली. आईला तो स्टोव्ह फार आवडला, आणि राख त्याहून. “काय मऊ राख आहे,” ती म्हणाली. “आमच्या वेळी अशी मिळाली असती तर भांडी आरशासारखी झाली असती.” भाऊजींनी तिला बसवून राखेची माहिती दिली. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. पन्नास वर्षं चूल आणि बंब सांभाळलेल्या बाईला जावयानं राख समजावून सांगावी, याचं तिला हसू येत होतं, पण जावई होता.

त्या शुक्रवारी थंडीची लाट आली. बाहेरचं पाणी तर गोठलंच, पण दाराच्या कडीला आतून बर्फ धरलं. आई तीन शाली घेऊन कुडकुडत होती. भाऊजी स्टोव्हपाशी गेले, बटणावर बोट ठेवलं, आईकडे बघितलं, आणि बोट काढून घेतलं. त्या शुक्रवारी स्टोव्ह बंद झाला नाही. तो बंद झाला शनिवारी नाश्त्याच्या वेळी.

मी त्या सकाळी आईसाठी मेथी आणि बाजरीचं पीठ घेऊन गेले होते. भाऊजी रेनकोट घालून स्टोव्हपुढे गुडघे टेकून बसले होते. वाटी खरवडून झाली होती, राख बादलीत काढून झाली होती, झाकण त्यांच्या हातात होतं. ते तसेच मागे टेकले आणि म्हणाले, “जरा थांबतो.” भाऊजींनी काम मध्येच थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ताईनं त्यांचा चष्मा वर केला, तर एवढ्या थंडीत कपाळावरून घाम गळत होता. “अहो, काय होतंय?” ती म्हणाली. “काही नाही. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं.”

ताईनं फोन लावला. अँब्युलन्स आली, बुटांना बर्फ लागलेली दोन माणसं हॉलमध्ये आली, त्यांनी रेनकोट कापून काढला. स्ट्रेचरवरून नेताना भाऊजी काहीतरी म्हणत होते, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ताई त्यांच्याबरोबर गेली, मी गाडीनं मागे. आई म्हणाली, “मी घरीच थांबते. मी येऊन तिथे काय करणार? देवापुढे बसते.”

हॉस्पिटलमध्ये त्यांना आत न्यायच्या आधी आम्हाला दोन मिनिटं भेटू दिलं. डॉक्टर तरुण होता. हृदयाची एक नळी बंद आहे, मनगटातून तार घालून ती उघडायची, त्यात काय धोके आहेत, हे त्यानं सांगितलं आणि काही विचारायचंय का म्हणाला. सॉसच्या बाटलीचं लेबलसुद्धा दोनदा वाचणारे भाऊजी म्हणाले, “नो.” न वाचता सही केली. ताईनं माझा हात घट्ट धरला. ती मला नंतर म्हणाली की छातीत दुखतंय म्हणाले तेव्हा ती जेवढी घाबरली नव्हती, तेवढी त्या ‘नो’नं घाबरली.

मग त्यांनी मास्क बाजूला केला आणि मला म्हणाले, “झाकण लावलं का?”

नर्सनं ताईला विचारलं, “इज ही वरीड अबाउट द प्रोसिजर?”

“नो,” ताई म्हणाली. “अबाउट ॲश.”

“आज ती गार नाहीये,” भाऊजी म्हणाले. “मी घाई केली. आई एकट्या आहेत घरी. तू जा.” आणि त्यांना आत नेलं.

ताई म्हणाली, “जा बाई तू. नाहीतर ते तिथेही पडल्या पडल्या हेच बोलत बसतील.” मी पार्किंगमध्ये येऊन आईला फोन लावला. भाऊजींना आत नेलंय, डॉक्टर चांगला आहे, असं सांगितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, बादलीवर झाकण आहे ना.

“अगं, सगळं आवरून ठेवलं मी,” आई म्हणाली. “ती माणसं एवढी बर्फाची पावलं करून गेली, सगळं पुसून घेतलं. बादली पण धुऊन पालथी घातली.”

“आणि राख?”

“ती किराण्याच्या कागदी पिशवीत भरली नि गराजमध्ये नेऊन ठेवली. त्या पोत्यांच्या शेजारी. गार होती गं, मी हात लावून बघितला.”

पोती म्हणजे जळणाची. हिवाळाभर पुरतील एवढ्या कांड्या तिथे रचून ठेवलेल्या होत्या. मी म्हणाले, “आई, शाल घे आणि घराबाहेर जाऊन उभी राहा. गराजचं दार उघडू नकोस.”

“एवढ्या थंडीत बाहेर? का?”

“सांगते ते ऐक.” माझ्या तोंडून हे ज्या आवाजात निघालं तो आवाज माझा नव्हता. तो भाऊजींचा होता, आणि आईनंही तो ओळखला असावा, कारण तिनं पुढे काही विचारलं नाही.

शेजारच्या आजोबांचा नंबर ताईनं मला कधीतरी दिला होता. त्यांना फोन केला, म्हटलं, आई बाहेर उभी आहे, तिला तुमच्या घरात घ्या आणि आमच्या गराजमधून धूर येताना दिसला तर फायर ब्रिगेडला बोलवा. मग गाडी काढली. हायवेवर मीठ टाकलं होतं तरी गाडी घसरत होती. पुढे एक बर्फ काढणारा ट्रक संथपणे चालला होता आणि त्याला ओलांडायची सोय नव्हती. एकीकडे फोन वाजेल आणि ताई काहीतरी वाईट सांगेल ही धास्ती, दुसरीकडे तो वाजेल आणि आजोबा काहीतरी वाईट सांगतील ही. भाऊजी रोज असेच जगत असतील का, असं पहिल्यांदाच मनात आलं. समोर काहीही झालेलं नाही, रस्ता पांढरा आणि शांत आहे, आणि डोक्यात मात्र घर जळतंय.

मी पोचले तेव्हा आई आजोबांच्या दारात उभी होती. भाऊजींचे बूट घातलेले, अंगावर आजोबांचं ब्लँकेट. ती आत जायला तयार नव्हती, आणि म्हणून आजोबाही फावडं घेऊन तिच्याशेजारी थंडीत उभे. धूर नाही म्हणाले, पण वास येतोय. मी बटण दाबून गराजचं मोठं दार उघडलं. पिशवी पोत्यांना टेकून उभी होती, खालून तपकिरी झालेली. वरून पाहिलं तर राख करड्या पिठासारखी निवांत दिसत होती. पिशवीच्या तळाशी बारीक धुराची रेघ निघत होती आणि शेजारच्या पोत्याचं प्लास्टिक आक्रसून आत ओढलं गेलं होतं. आजोबांनी मला बाजूला केलं, पिशवीखाली फावडं सरकवलं, आणि उचलताच तळ सुटला. आत लालभडक निखारे होते, चांगले मूठभर. आम्ही दोघांनी ते फावड्यावर ओढून अंगणात बर्फावर नेऊन टाकले, मग ते आक्रसलेलं पोतंही बाहेर ओढलं. बर्फात ते निखारे चर्र करत खाली खाली गेले. आई दारातूनच बघत होती.

आजोबा गराजच्या जमिनीवर पाणी ओतत असतानाच ताईचा फोन आला. नळी उघडली होती, भाऊजी शुद्धीवर होते. “काय विचारतायत ते ठाऊक आहे ना तुला?” ती म्हणाली. तिचा आवाज रडण्याच्या आणि हसण्याच्या मधे होता. मी बादली सरळ केली, पुसून कोरडी केली, विझलेली राख भरली आणि झाकण दाबून बसवलं. मग सांगितलं, “झाकण लावलंय म्हणावं.”

भाऊजींना काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण घरी आणलं त्या दिवशी पुढच्या पायऱ्यांवर बर्फ होतं म्हणून ताईनं गाडी गराजमध्येच घेतली. भाऊजी उतरले आणि जमिनीवर ताटलीएवढा काळा डाग पडला होता त्याच्यापाशी थांबले. मग पोत्यांकडे बघितलं. मग पोत्यांपासून आतल्या दारापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. ज्या माणसानं विझलेल्या उदबत्तीवरून मला पाऊण तास ऐकवलं होतं, तो आता काय बोलेल या भीतीनं आम्ही दोघी गाडीपाशीच थांबलो. आई आतल्या दारात आली होती. तिनं पदराचं टोक हातात पिळून पिळून दोरी केली होती.

“आई,” भाऊजी म्हणाले, “राख घरातून बाहेर काढलीत हे फार बरं केलंत. मी तर हॉलमध्ये उघडीच टाकून गेलो होतो.”

आई रडायला लागली. भाऊजी तिच्याजवळ गेले, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी तिच्या खांद्यावरची शाल नीट केली.

त्या हिवाळ्यात त्यांना काही उचलायची परवानगी नव्हती. शनिवारी मी जायचे, आणि ते खुर्चीत बसून सांगायचे. बॅटरी आई धरायची, आणि मी राखेत हात घालण्यापूर्वी भाऊजींच्या आधी आईच म्हणायची, “थांब, घाई करू नकोस.” उन्हाळा लागला तशी ती साताऱ्याला परत गेली. ताईनं ते घर विकायला काढलं. तिला आता हॉस्पिटल जवळ हवं होतं, आणि अंगण नको होतं. सध्या ते नोव्हायमध्ये टाउनहाउसमध्ये राहतात. भिंतीवर एक छोटा आकडा असतो, तो वर-खाली केला की घर गरम होतं. जळताना काही दिसत नाही, उरत तर काहीच नाही.

भाऊजी आता तब्येतीनं छान आहेत. रोज चालतात, डॉक्टर खूश आहे. पण शनिवारी सकाळी त्यांचा मला फोन येतो. “काय करतेस?” म्हणतात. मी म्हणते, “काही नाही, निवांत.” “बरं बरं,” म्हणतात, आणि मग फोनवर कुणीच काही बोलत नाही. मागे ताई कपबश्या विसळत असते त्याचा आवाज येतो. पूर्वी फोन केला की पहिल्या मिनिटात ते मला तीन गोष्टींपासून सावध करायचे, आणि मी फोन कानापासून लांब धरायचे.

गेल्या शनिवारी ती शांतता मला सोसवली नाही. मी म्हटलं, “भाऊजी, आमच्या कपड्यांच्या ड्रायरमधून जरा वास येतोय असं वाटतंय.” वास वगैरे काही येत नव्हता.

“कसला वास? रबराचा की कापडाचा?” त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “बंद कर. प्लग काढ. मी येतोय.”

ते ताईला घेऊन आले, तिला दारातच मागे टाकून सरळ आत गेले, ड्रायर भिंतीपासून ओढून त्याच्यामागे बॅटरी घेऊन पालथे पडले. फक्त पायमोजे दिसत होते. बराच वेळ ते आत काहीतरी खरवडत होते, मध्येच स्वतःशी पुटपुटत होते. ताईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. “बरं झालं वेळेवर सांगितलंस,” आतून आवाज आला. मी “हो भाऊजी” म्हटलं, आणि आम्ही दोघी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसून राहिलो.